शिडाच्या बोटीवरील अल्टरनेटरचा बेल्ट एका रेषेत कसा आणावा

शिडाच्या बोटीच्या इंजिनावर अल्टरनेटरचा (इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) बेल्ट वारंवार झिजत असेल, इंजिनाच्या तोंडावर काळी भुकटी साचत असेल आणि नवा बेल्ट घालूनही काही आठवड्यांत तेच चक्र सुरू होत असेल, तर दोष बहुधा बेल्टमध्ये नसून ज्या पुल्यांवरून तो फिरतो त्या पुल्या एका पातळीत नसण्यात असतो. हा दोष शोधताना बहुतेक जण बेल्ट काढतात, दोन पुल्यांवर पट्टी धरून पाहतात, सारे सरळ दिसल्यावर बेल्ट आणखी ताणून बसवतात आणि प्रश्न तसाच राहतो. याचे कारण असे की अल्टरनेटर तिरका होतो तो बेल्टच्या ओढीने. बेल्ट सैल असताना किंवा काढलेला असताना जे सरळ दिसते, ते ताण आल्यावर सरळ राहीलच असे नाही. म्हणून खाली दिलेल्या कृतीत मोजमाप दोनदा घेतले आहे, एकदा बेल्ट सैल असताना आणि एकदा पूर्ण ताणलेला असताना, आणि या दोन मोजमापांतील फरकाला सर्वाधिक महत्त्व दिले आहे.

उदाहरणासाठी यानमारचे ३जीएम३०एफ हे तीन सिलिंडरचे, गोड्या पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन डोळ्यांसमोर ठेवले आहे. तीस-पस्तीस फुटी क्रूझिंग बोटींत ते सर्रास आढळते. त्यावरचा मूळ अल्टरनेटर हिताची बनावटीचा ५५ अँपिअरचा असतो, आणि बॅटऱ्या वाढवल्यावर तो काढून ८० किंवा १०० अँपिअरचा बसवण्याकडे बोटमालकांचा कल असतो. बेल्ट खाण्याची तक्रार बहुधा तेथूनच सुरू होते. व्होल्वो पेंटा, बीटा किंवा अन्य लहान सागरी डिझेलवरही कृती हीच आहे, केवळ ब्रॅकेटचा (अल्टरनेटर धरून ठेवणाऱ्या आधाराचा) आकार आणि बोल्टची मापे बदलतात.

एक गैरसमज प्रथमच दूर करावा. प्रॉपेलरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत आणण्याच्या कामाशी या कामाचा काहीही संबंध नाही. इंजिन आपल्या रबरी माउंटवर कितीही हलले, तरी क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली आणि अल्टरनेटर दोन्ही त्याच इंजिनावर असल्याने एकत्रच हलतात. तसेच या लेखात ‘पुढे’ म्हणजे इंजिनाचे बेल्टकडचे तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा आणि ‘मागे’ म्हणजे गिअरबॉक्सकडची दिशा, मग बोटीचा नाळ (पुढचे टोक) कोणत्याही बाजूला असो.

लक्षणे वाचणे

काळी भुकटी कोठे पडली आहे ते काहीही पुसण्याआधी नीट पाहावे आणि छायाचित्र काढून ठेवावे. भुकटी बेल्टच्या दोन्ही बाजूंना सारखी उडालेली असेल, तर बेल्ट घसरत असण्याची किंवा गंजलेल्या पुलीवर घासला जाण्याची शक्यता अधिक असते. ती एकाच बाजूला, बेल्टच्या पुढे किंवा मागे, ठळक पट्ट्यासारखी असेल तर पुल्या सरकलेल्या असण्याचा संशय घ्यावा. नंतर बेल्ट काढून त्याच्या दोन उतरत्या बाजूंवरून बोट फिरवावे. एक बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत लागणे, किंवा एकाच काठाचे धागे सुटलेले दिसणे, हे रेष चुकल्याचे स्पष्ट लक्षण आहे.

पुलीच्या खाचेच्या भिंतीही बोलक्या असतात. अल्टरनेटरची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा पुढे असेल तर बेल्ट क्रँककडून निघताना पुढच्या बाजूला झुकतो, म्हणून क्रँकच्या खाचेची पुढची भिंत आणि अल्टरनेटरच्या खाचेची मागची भिंत अधिक चमकते. अल्टरनेटर मागे असेल तर हे नेमके उलट होते. दोन पुल्यांवर विरुद्ध भिंती चमकत असतील तर पुल्या समांतर राहून सरकल्या आहेत असे समजावे. केवळ अल्टरनेटरच्याच पुलीवर झीज वेडीवाकडी असेल, तर अल्टरनेटर तिरका झाला असण्याची शक्यता पाहावी.

खाचेचा तळ चमकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. व्ही बेल्टने खाचेच्या दोन भिंतींत पाचरीसारखे रुतून पकड घ्यायची असते आणि तळाला कधीही टेकायचे नसते. तळ चमकतो तेव्हा एकतर बेल्ट अरुंद आहे किंवा पुली झिजून रुंद झाली आहे, आणि अशा पुलीवर रेष कितीही अचूक साधली तरी बेल्ट घसरणारच.

काम सुरू करण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. तेवढ्यावर न थांबता बॅटरीची ऋण केबलही सोडवावी, कारण पुष्कळ बोटींवर अल्टरनेटरची मुख्य धन केबल स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेली असते आणि पाना तिच्या टर्मिनलवरून इंजिनाला टेकला तर बोटभर जाडीची ठिणगी उडते. उलट, इंजिन चालू असताना मात्र बॅटरीचा स्विच कधीही बंद करू नये. चार्ज होत असलेली बॅटरी एकाएकी तुटली की व्होल्टेज उसळते आणि अल्टरनेटरमधील डायोड जळतात.

क्रँक हाताने फिरवावा लागणार आहे. जीएम मालिकेच्या इंजिनांवर डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) तरफ उचलली की पुलीच्या बोल्टवर पाना लावून तो सहज फिरतो. फिरवताना इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवावे, नाहीतर समुद्राच्या पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलरची पाती उलटी दुमडतात. स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवून काम भागवण्याचा मोह टाळावा. इंजिन पेट न घेता फिरत राहिले तर पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकण्यासाठी एक्झॉस्टचा जोर नसतो, आणि सायलेन्सर भरून पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते.

अवजारे फारशी लागत नाहीत. पानासंच, व्हर्नियर कॅलिपर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), टॉर्क पाना, बारीक पॉलिश पेपर, पांढरे सुती फडके आणि सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची, काठ खात्रीने सरळ असलेली स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी एवढे पुरते. पट्टीचा काठ तपासण्यासाठी तो काचेवर उभा धरून खालून उजेड येतो का ते पाहावे. लेझरची उपकरणे मिळतात, परंतु त्यांतील चुंबकाने चिकटणारी ॲल्युमिनियमच्या पुलीवर धरत नाहीत, आणि एका बोटीपुरत्या कामासाठी ती घेण्याची गरज नाही असे माझे मत आहे.

आधी पुल्या आणि बेअरिंग

वाकलेल्या किंवा डगमगणाऱ्या पुलीवर घेतलेले मोजमाप निरर्थक असते, म्हणून रेष तपासण्याआधी प्रत्येक पुली तपासावी. बेल्ट काढल्यावर पाण्याच्या पंपाची पुली दोन बोटांत धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवून पाहावी. तिला खुळखुळ असेल, किंवा पंपाच्या खालच्या भोकातून कूलंटचा ओघळ आलेला दिसत असेल, तर आधी पंप दुरुस्त करावा. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवावी, खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेले आहे. क्रँकची पुली फिरवताना एखादी तार स्थिर धरून तिचे टोक पुलीच्या कडेपासून केसभर अंतरावर ठेवावे. पुली एका फेऱ्यात तारेजवळ येऊन पुन्हा दूर जात असेल तर ती वाकली आहे किंवा नीट बसलेली नाही.

गंज हा वेगळा शत्रू आहे. मुंबई बंदरातील बोटी जूनपासून सप्टेंबरपर्यंत बांधून ठेवल्या जातात, त्या दमट चार महिन्यांत बिडाच्या पुलीच्या खाचेत तांबूस थर चढतो आणि ऑक्टोबरात इंजिन सुरू झाले की तोच थर बेल्टला सँडपेपरसारखा खातो. खाचेच्या भिंती ४०० आणि नंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत होईपर्यंत घासाव्यात आणि भुकटी ओल्या फडक्याने पुसावी. खाचेत रंग मात्र लावू नये. पुलीच्या बाहेरील अंगाला लावलेला रंग चालतो, खाचेतील रंग पहिल्याच तासात बेल्टवर उतरतो.

बेल्टची निवड येथेच करून घ्यावी. औद्योगिक दुकानांत मिळणारा ए विभागाचा कापडी वेष्टनाचा बेल्ट १३ मिलिमीटर रुंद असतो आणि खाचेत बसतोही, पण अल्टरनेटरची पुली बहुधा ६५ ते ७५ मिलिमीटर व्यासाचीच असल्याने एवढ्या लहान वळणावर तो तापतो. आतून दाते पाडलेला, उघड्या कडांचा मोटारगाडीच्या प्रकारचा बेल्ट घ्यावा. एव्हीएक्स १० आणि एव्हीएक्स १३ ही त्याची प्रचलित मापे आहेत. दुकानात मागताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: ए-३५ यातील ३५ हा आकडा इंचांतील आतली लांबी सांगतो, तर एव्हीएक्सच्या मापात मिलिमीटरमधील बाहेरची लांबी लिहिलेली असते. दोन्ही मापे सारखी समजून आणलेला बेल्ट बसत नाही.

मोजमाप

आता मुख्य काम. रेष म्हणजे खाचेच्या मध्याची रेष, पुलीच्या कडेची नव्हे. दोन पुल्यांच्या पुढच्या कडा सारख्या जाडीच्या नसतात, त्यामुळे दोन्ही कडा पट्टीला टेकल्या म्हणजे काम झाले असे मानणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक आहे. खाचेत सरळ सळई ठेवून ती दुसऱ्या खाचेकडे जाते का पाहण्याची पद्धतही प्रचलित आहे आणि ओझरत्या तपासणीसाठी ती बरी आहे, पण गोल खाचेला सरळ सळई एकाच ठिकाणी टेकते आणि म्हणून थोडी इकडेतिकडे वळू शकते. एक-दोन मिलिमीटरचा निवाडा तिच्यावर सोडू नये.

खात्रीची पद्धत अशी आहे. व्हर्नियरने प्रत्येक पुलीच्या पुढच्या सपाट अंगापासून खाचेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. त्यासाठी पुढच्या अंगापासून खाचेच्या पुढच्या ओठापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्यात खाचेच्या वरच्या रुंदीचा अर्धा भाग मिळवावा. समजा क्रँकच्या पुलीवर हे अंतर १४ मिलिमीटर भरले आणि अल्टरनेटरच्या पुलीवर ९.५ मिलिमीटर. म्हणजे पट्टी क्रँकच्या पुलीच्या अंगाला घट्ट टेकवून अल्टरनेटरकडे नेली, तर पट्टी आणि अल्टरनेटरच्या पुलीचे अंग यांत बरोबर ४.५ मिलिमीटर फट असायला हवी. अल्टरनेटरच्या पुलीवरचे अंतर अधिक असेल तर पट्टी त्या पुलीला टेकवून फट क्रँककडे मोजावी, गणित तेच राहते. क्रँकच्या मधला बोल्ट आड येत असेल तर पट्टी मध्यावरून न नेता त्याच्या बाजूने न्यावी, मात्र ती पुलीच्या अंगाला दोन लांब ठिकाणी टेकली पाहिजे.

बेल्ट घालून, पण सैल ठेवून, ही फट दोन ठिकाणी मोजावी: अल्टरनेटरच्या पुलीच्या क्रँककडच्या कडेशी आणि तिच्या विरुद्ध, बाहेरच्या कडेशी. नंतर पट्टी पुलीच्या डाव्या अंगाने आणि उजव्या अंगाने धरून आणखी दोन मोजमापे घ्यावीत, म्हणजे पुलीला पीळ पडला आहे का ते कळेल. क्रँक अर्धा फेरा फिरवून हेच पुन्हा करावे आणि सरासरी घ्यावी. सर्व आकडे कागदावर लिहावेत. हे काम बहुधा पायऱ्यांमागच्या अरुंद खणात, विजेरी दातांत धरून होत असते, आणि तेथे स्मरणशक्तीवर विसंबणे योग्य नाही.

चारही फटी सारख्या पण अपेक्षेपेक्षा कमी किंवा अधिक असतील तर अल्टरनेटर समांतर राहून सरकलेला आहे. आपल्या उदाहरणात सर्वत्र २ मिलिमीटर फट आली तर तो २.५ मिलिमीटर पुढे आहे. फटी परस्परांहून वेगळ्या असतील तर तो तिरका आहे. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात, आणि तेव्हा आधी तिरकेपणा काढावा, सरक नंतर.

आता बेल्ट नेहमीइतका ताणावा, सर्व बोल्ट पूर्ण आवळावेत आणि चारही मोजमापे पुन्हा घ्यावीत. समजा सैल असताना दोन्ही कडांशी ४.५ फट होती आणि ताणल्यावर क्रँककडच्या कडेशी ४.९ व बाहेरच्या कडेशी ४.० झाली. याचा अर्थ असा की बेल्टने अल्टरनेटरचे तोंड क्रँककडे ओढून घेतले आहे आणि कुठेतरी खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे.

किती फरक चालतो याविषयी बेल्ट बनवणाऱ्या कंपन्यांचा सर्वसाधारण नियम व्ही बेल्टसाठी अर्ध्या अंशाचा आहे. दोन पुल्यांच्या केंद्रांत २५० मिलिमीटर अंतर असेल तर अर्धा अंश म्हणजे सुमारे २ मिलिमीटर सरक. ७० मिलिमीटरच्या पुलीवर दोन कडांच्या फटींतील ०.६ मिलिमीटर फरकही अर्धाच अंश होतो. ही शेवटची मर्यादा आहे. बोटीवर सरक १ मिलिमीटरच्या आत आणि कडांमधील फरक ०.३ मिलिमीटरच्या आसपास आणावा, तेवढे हाताने आणि शिमने (फट भरायच्या पातळ चकतीने) सहज साधते.

पाण्याच्या पंपाची पुलीही याच पट्टीने तपासावी. क्रँक आणि पंप या दोन्ही पुल्या जागच्या जागी पक्क्या असतात, म्हणून त्यांनाच आधार मानावे आणि अल्टरनेटरला त्यांच्याकडे आणावे. त्या दोघींतच फरक निघाला तर कोणीतरी कधीतरी चुकीची पुली बसवली आहे किंवा पंप बदलताना मूळ वॉशर हरवला आहे, आणि ते आधी निस्तरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तिरकेपणाचे मूळ शोधणे

ताणाखाली तिरका होणारा अल्टरनेटर तीन ठिकाणी खेळ करू शकतो, आणि त्यांतील पहिले ठिकाण म्हणजे ज्या बोल्टवर तो झुलतो तो खालचा बोल्ट. हा बोल्ट पूर्ण बाहेर काढावा आणि त्याच्या दांड्यावरून नख फिरवावे. जेथे ब्रॅकेटचे लोखंड त्यावर घासले आहे तेथे नख अडते, आणि बारीक पायरी जाणवते. असा बोल्ट फेकून द्यावा. मग नवा बोल्ट ब्रॅकेटच्या आणि अल्टरनेटरच्या भोकात घालून डोलवून पाहावा. भोक अंडाकृती झालेले असेल तर नव्या बोल्टनेही काही साधणार नाही. ब्रॅकेट काढून लेथवर न्यावे, भोक मोठे करून त्यात लोखंडी किंवा पितळी बुश (नळीसारखे अस्तर) ठोकून घ्यावा. बोल्टपेक्षा एक मिलिमीटर मोठे भोक तसेच वापरून ‘आवळला की बसेल’ असे म्हणणारे कारागीर भेटतात, त्यांचे ऐकू नये.

बोल्ट कोणता घ्यावा यालाही महत्त्व आहे. स्टेनलेस म्हणजे अधिक मजबूत ही समजूत बोटींवर घट्ट रुजलेली आहे, परंतु ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलला कायमचा ताणला जाऊ लागतो, तर ८.८ दर्जाचा साधा पोलादी बोल्ट ६४० मेगापास्कलपर्यंत टिकतो. येथे ८.८ चाच बोल्ट घ्यावा, त्याचा आट्यांशिवायचा साधा दांडा अल्टरनेटरच्या दोन्ही कानांतून (बोल्टसाठी भोक असलेल्या पायांतून) आरपार जाईल एवढा लांब असावा आणि आटे केवळ नटपुरते असावेत. आटे भोकात आले की ते कानशीप्रमाणे मऊ ॲल्युमिनियम कापत राहतात.

दुसरे ठिकाण अल्टरनेटरच्या दोन कानांमधील जागा. दोन कानांच्या जे-१८० प्रकारच्या अल्टरनेटरमध्ये कानांच्या आत सुमारे ८० मिलिमीटर अंतर असते आणि ब्रॅकेटचा ठोकळा त्यात जेमतेम सरकून बसायला हवा. फीलर गेजने दोन्ही बाजूंची फट मोजावी. फट असताना बोल्ट जोर लावून आवळला तर कान आत वाकतो, आणि ओतीव ॲल्युमिनियम वाकण्याऐवजी तडकते. तेवढ्याच जाडीची शिम घालून फट आधी भरावी. पुष्कळ अल्टरनेटरच्या मागच्या कानात एक सरकणारा बुश असतो, तो आवळल्यावर आपोआप पुढे येऊन फट भरतो. जुन्या अल्टरनेटरमध्ये हा बुश क्षारांनी जाम झालेला असतो, त्याला भेदक तेल लावून हळुवार ठोकून मोकळा करावा. एकाच रुंद पायाचा अल्टरनेटर असेल तर पायाच्या पुढे-मागे घातलेल्या वॉशरांवर सगळी भिस्त असते. ते पातळ पत्र्याचे असतील तर दबून वाकतात, त्यांच्या जागी लेथवर कापलेले जाड बुश घालावेत.

तिसरे ठिकाण म्हणजे वरची ताण देणारी पट्टी, खाच पाडलेला तो धनुष्याकृती तुकडा. ती बहुधा पातळ असते आणि मोठ्या अल्टरनेटरला अपुरी पडते. तिची कसोटी सोपी आहे: बेल्ट ताणलेला असताना केवळ तिचा बोल्ट सैल करावा, फट मोजावी, पुन्हा आवळून फट मोजावी. आवळताना फट बदलत असेल तर पट्टी अल्टरनेटरला पुढे किंवा मागे खेचत आहे, म्हणजे पट्टी आणि अल्टरनेटरचा वरचा कान एका पातळीत नाहीत. जेवढी जागा मोकळी दिसते तेवढ्याच जाडीचा वॉशर मध्ये घालावा, पट्टी वाकवून बसवू नये. खाचेच्या टोकाशी केसासारखी तडा दिसल्यास पट्टी ताबडतोब बदलावी, आणि बदलायचीच तर ६ मिलिमीटर जाडीची करून घ्यावी.

ब्रॅकेट इंजिनावर जेथे बसते तेथील रंगाचे थर आणि गंजही काढावेत. रंगाचा पोपडा एका कोपऱ्यात अडकला की संपूर्ण ब्रॅकेट तिरके बसते आणि वर कितीही शिम घातल्या तरी हिशेब जुळत नाही.

सरक काढणे

तिरकेपणा गेल्यावर उरलेली समांतर सरक काढणे सोपे आहे. अल्टरनेटर एक-दोन मिलिमीटर मागे असेल तर त्याच्या पुलीच्या मागे तेवढ्या जाडीचा, घासून सपाट केलेला स्पेसर (अंतर राखणारी कडी) घालणे हा सर्वांत सुटसुटीत उपाय. तो पुढे असेल तर पुलीमागील मूळ स्पेसर काढून पातळ घालावा, मात्र पुली पंख्याला किंवा अल्टरनेटरच्या अंगाला घासणार नाही एवढी जागा उरली पाहिजे. दोन्ही वेळा पुलीच्या नटचे सर्व आटे शाफ्टवर पुरते चढले आहेत का, हे पाहावे. पुली आठ-दहा मिलिमीटर पुढे नेण्यासाठी स्पेसरवर स्पेसर रचणे योग्य नाही. पुली जितकी पुढे लोंबते तितका पुढच्या बेअरिंगवर भार वाढतो. सरक एवढी मोठी असेल तर अल्टरनेटरचे अंगच हलवावे, म्हणजे ब्रॅकेटच्या एका बाजूने धातू उतरवून दुसऱ्या बाजूला तेवढीच शिम घालावी, किंवा वेगळ्या घडणीची पुली आणावी.

अल्टरनेटरचे अंग हलवले की वरच्या पट्टीलाही तेवढाच स्पेसर लागतो. हे विसरले तर आत्ताच काढलेला तिरकेपणा परत येतो.

ताण देणे आणि तपासणे

अल्टरनेटर बाहेर ढकलण्यासाठी पहार वापरायची असल्यास तिचे टोक पुढच्या जाड कवचाला टेकवावे आणि मध्ये लाकडाचा तुकडा ठेवावा. मधल्या लोखंडी पात्यांवर किंवा मागच्या झाकणावर जोर दिला तर आतील भाग सरकतात. आटे फिरवून ताण देणारा टर्नबकल बसवता आला तर त्याहून उत्तम, कारण मग एका हाताने पहार रेटून दुसऱ्या हाताने बोल्ट आवळण्याची कसरत उरत नाही.

सर्वांत लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने सुमारे १० किलोचा दाब दिल्यावर बेल्ट सुमारे १० मिलिमीटर दबावा, असा लहान डिझेलचा प्रचलित नियम आहे, तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडा निराळा असेल तर तोच पाळावा. अतिताण हा रेष चुकल्यावरचा इलाज नव्हे. त्याने पाण्याच्या पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग लवकर जातात, आणि वर सांगितलेल्या तिन्ही ठिकाणचा खेळ वाढतो. बेल्टवर फवारायची चिकट औषधेही वापरू नयेत, ती धूळ धरून ठेवतात.

सगळे आवळून झाल्यावर ताणलेल्या अवस्थेतील चार मोजमापे शेवटची घ्यावीत, मग बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेनुसार घट्ट करावेत आणि बॅटरी जोडावी. इंजिनाचे तोंड ओल्या फडक्याने अगदी स्वच्छ करावे. आधी इंजिन रिकामे चालवून बेल्टच्या काठाकडे पाहावे, तो खाचेत वर-खाली नाचत किंवा फडफडत असेल तर थांबून पुन्हा पाहावे. नंतर बॅटऱ्या थोड्या उतरलेल्या असताना अल्टरनेटर पूर्ण भाराने अर्धा तास चालू द्यावा, कारण रिकाम्या अल्टरनेटरवर चुकीची रेषही गुण्यागोविंदाने चालते. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर ताण पुन्हा पाहावा. नवा बेल्ट पहिल्या अर्ध्या तासात बराच बसतो आणि पाच-दहा तासांनंतर पुन्हा थोडा सैल होतो. त्या वेळी पांढरे फडके बेल्टच्या पुढून आणि मागून फिरवावे. सुरुवातीची किंचित करडी छटा सोडून द्यावी, पण काळा डाग येत राहिला तर मोजमापांच्या कागदाकडे परत जावे.

आणि रेष मिलिमीटरच्या आत असूनही भुकटी थांबत नसेल तर बेल्टवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझे आहे असे समजावे. १०० अँपिअरचा अल्टरनेटर १४.४ व्होल्टला १,४४० वॅट देतो. त्याची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आतच असल्याने बेल्टला सुमारे अडीच किलोवॅट, म्हणजे जवळपास साडेतीन अश्वशक्ती वाहून न्यावी लागते. मूळच्या ५५ अँपिअरला हा भार १.४ किलोवॅट होता. ढोबळमानाने १० मिलिमीटरचा एकेरी बेल्ट ८० अँपिअरपर्यंत आणि १३ मिलिमीटरचा १०० अँपिअरच्या आसपास पुरतो. लिथियम बॅटऱ्या बसवल्यावर तर हा भार दहा-वीस मिनिटांचा न राहता तासन्‌तासांचा होतो, कारण त्या भरत आल्या तरी जवळजवळ पूर्ण प्रवाह ओढत राहतात. अशा वेळी दोन मार्ग उरतात. बाह्य रेग्युलेटर (अल्टरनेटरचा प्रवाह आवरणारे वेगळे उपकरण) असेल तर त्यात अल्टरनेटरची कमाल क्षमता वीस-तीस टक्क्यांनी उतरवून ठेवता येते, आणि हा खर्च नसलेला उपाय आधी करून पाहावा. त्याने भागत नसेल तर क्रँक, पंप आणि अल्टरनेटर या तिन्ही पुल्या बदलून अनेक बारीक खाचांचा सपाट बेल्ट बसवावा. तो बसवताना रेषेबाबतची सूट आणखी कमी असते, म्हणून वरील चार मोजमापे तेथेही घ्यावीत, आणि सरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय इंजिन भाराखाली चालवू नये.